दुबईचे पहिले दर्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून विमानाने साधारण तीन तासांत दुबई येते. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेकांचा पहिला परदेश प्रवास याच शहराचा असतो. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर विचारले जाणारे प्रश्न पुष्कळसे सारखेच असतात. त्यांतील नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण या शहराबद्दलचे समज माहितीपेक्षा अधिक वेगाने पसरतात.

विमानतळाबाहेर पडल्यावर सर्वांत आधी काय जाणवते?

मे ते सप्टेंबर या काळात गेलात तर उष्णतेपेक्षाही दमटपणा आधी जाणवतो. वाळवंट म्हटले की कोरडी हवा डोळ्यांसमोर येते, परंतु दुबई समुद्रकाठी आहे आणि उन्हाळ्यात आखाताचे पाणी इतके तापते की रात्रीची हवादेखील बाष्पाने जड असते. वातानुकूलित इमारतीतून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर धुके बसते. आत मात्र इतका गारठा असतो की पंचेचाळीस अंशांच्या शहरात जाताना शाल बरोबर घ्यावी, हा सल्ला विनोदी वाटला तरी खरा आहे. दुसरी गोष्ट म्हणजे घड्याळ दीड तास मागे करावे लागते. तिसरी अशी की टॅक्सीचालक, दुकानदार आणि हॉटेलातील कर्मचारी यांच्यापैकी बहुतेकांशी हिंदीत बोलता येते, आणि परदेशात आल्याची भावना त्यामुळे काहीशी लांबणीवर पडते.

हे सारे वैभव तेलाचे आहे, हे खरे आहे का?

अंशतः खरे आहे, पण संयुक्त अरब अमिराती या त्याच देशातील शेजारच्या अबू धाबी राज्याच्या बाबतीत ते जितके खरे आहे तितके दुबईच्या बाबतीत नाही. दुबईला समुद्रात तेल सापडले ते १९६६ मध्ये आणि त्याची निर्यात सुरू झाली १९६९ मध्ये. साठा मोठा नव्हता, आणि तो कायमचा पुरणार नाही हे तेव्हाचे शासक शेख राशिद बिन सईद अल मक्तूम यांनी ओळखले होते. तेलाचे पैसे त्यांनी बंदरांत घातले. १९७२ मध्ये पोर्ट राशिद सुरू झाले, १९७९ मध्ये जबल अली हे मानवनिर्मित बंदर उभे राहिले आणि १९८५ मध्ये त्याला लागून मुक्त व्यापार क्षेत्र निघाले. त्याच वर्षी एमिरेट्स ही विमान कंपनीही सुरू झाली. आज दुबईच्या उत्पन्नात तेलाचा वाटा अगदी किरकोळ आहे. व्यापार, विमानवाहतूक, पर्यटन, बांधकाम आणि वित्तव्यवहार यांवर शहर चालते.

त्याहीआधी, तेलाचे नाव नसताना, शहराचा रोख ठरलेला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी समोरच्या इराणी किनाऱ्यावरील लिंगेह बंदरात जकात वाढली, तेव्हा दुबईच्या शासकाने आपल्या बंदरातील जकात काढून टाकली आणि तेथील व्यापाऱ्यांना आपल्याकडे बोलावले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस गाळाने भरत चाललेली खाडी खोल करण्यासाठी कर्ज काढले गेले, तेदेखील तेल सापडण्यापूर्वी. आजचे काचेचे मनोरे पाहताना हा क्रम लक्षात ठेवला तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो: येथे येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर आणि माणसांवर कमाई करायची, हे धोरण मनोऱ्यांपेक्षा कितीतरी जुने आहे.

या शहराला काही जुना भाग आहे का, की सारेच नवे आहे?

आहे, आणि आमच्या मते पहिला दिवस तेथेच घालवावा. शहराच्या पोटात शिरलेल्या खाडीच्या एका काठाला बर दुबई आणि दुसऱ्या काठाला देरा. दोन्हींच्या दरम्यान ‘अब्रा’ नावाच्या लाकडी होड्या चालतात. एका फेरीचे भाडे वर्षानुवर्षे एक दिरहम आहे, आणि या शहरातील सर्वांत स्वस्त व सर्वांत चांगला प्रवास तोच. देराच्या धक्क्यावर लाकडी गलबतांत फ्रिज, टायर, तांदळाची पोती असा माल चढत-उतरत असतो. बर दुबईच्या बाजूला अल फहीदी वस्ती आहे. तिथल्या घरांवरील चौकोनी बुरुज म्हणजे ‘बर्जील’, वारा पकडून खालच्या खोलीत उतरवणारी व्यवस्था. इराणमधील बस्तक भागातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ही घरे बांधली.

मराठी वाचकाला येथे काही ओळखीचे धागे सापडतील. तेलापूर्वी या किनाऱ्याची उपजीविका मोत्यांवर होती. उन्हाळ्यात गलबते महिनोन्‌महिने समुद्रात राहत, पाणबुडे नाकाला चिमटा लावून तळाशी उतरत, आणि निघालेल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. १९३०च्या आसपास जागतिक मंदी आणि जपानी संवर्धित मोती एकाच वेळी आले आणि हा धंदा बसला. चलनही आपलेच होते. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये खास आखातासाठी वेगळा रुपया छापला आणि १९६६ मधील अवमूल्यनापर्यंत दुबईत तोच चालत असे. दिरहम आला तो १९७३ मध्ये. सोन्यावर भारतात कडक निर्बंध होते त्या वर्षांत दुबईच्या खाडीतून दहा तोळ्यांची बिस्किटे घेऊन गलबते आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे येत. दुबईच्या कायद्याने तो व्यापार होता, आपल्या कायद्याने चोरटी आयात. कोकणच्या किनाऱ्यावरील वयस्कर माणसांना यावर अधिक सांगता येते, अर्थात त्यांची इच्छा असेल तर.

बुर्ज खलिफा वर जाऊन पाहावा की खालून?

खालून तर तो दिसतोच, आणि फुकट दिसतो. ८२८ मीटर उंचीचा हा मनोरा ४ जानेवारी २०१० रोजी खुला झाला, आणि उद्घाटनाच्या दिवसापर्यंत त्याचे नाव बुर्ज दुबई असे होते. त्याच्या आदल्या वर्षी कर्जाच्या बोज्याखाली दुबई अडचणीत आली होती आणि शेजारच्या अबू धाबीने दहा अब्ज डॉलरची मदत दिली होती. अबू धाबीचे तेव्हाचे शासक आणि देशाचे अध्यक्ष शेख खलिफा यांचे नाव मनोऱ्याला मिळाले, यामागचा संदर्भ एवढाच पुरेसा आहे.

१२४व्या मजल्यावरून शहर नकाशासारखे दिसते आणि वाळवंट किती जवळ आहे हे कळते. धुळीच्या दिवशी मात्र तिकिटाचे पैसे वाया जातात, म्हणून हवा पाहूनच तिकीट काढावे. उंचीचा एक परिणाम अनेकांना ठाऊक नसतो. वरच्या मजल्यांवर सूर्य उशिरा मावळतो, त्यामुळे ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रमजानचा उपवास दोन मिनिटे उशिरा आणि दीडशेव्याच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे उशिरा सोडावा, असे २०११ मध्ये दुबईच्या धर्मपंडितांना सांगावे लागले.

एवढे पाणी येते कोठून?

समुद्रातून. नदी नाही, तलाव नाहीत, वर्षाचा पाऊस सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे कोकणात जुलैच्या एखाद्या दिवशी पडतो तितका. पिण्याचे जवळजवळ सर्व पाणी खाऱ्या पाण्यातून मीठ वेगळे करून मिळवले जाते. जबल अली येथील प्रचंड केंद्रांत पूर्वी मुख्यतः वीजनिर्मितीत उरलेल्या उष्णतेवर समुद्राचे पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून गोडे पाणी काढत. आता पाणी उच्च दाबाने सूक्ष्म पडद्यांतून ढकलण्याची पद्धत वाढते आहे, कारण तिला ऊर्जा कमी लागते आणि ती सौरऊर्जेवरही चालवता येते. उरलेले अतिखारे पाणी पुन्हा आखातात जाते. मुळातच उथळ आणि खारट असलेल्या या समुद्रावर त्याचा ताण पडतो, हा या सुबत्तेचा कमी बोलला जाणारा खर्च आहे.

रस्त्याच्या दुभाजकांवरील पेटुनियाचे ताटवे पाहून पहिल्यांदा आलेला माणूस थक्क होतो. जमिनीकडे वाकून पाहिले तर प्रत्येक रोपाच्या बुडाशी काळी ठिबक नळी दिसते. तिच्यातून येणारे पाणी बहुतांशी सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळवलेले असते. काही इमारतींत तर वातानुकूलन यंत्रांतून ठिबकणारे पाणीही गोळा करून बागेला देतात, आणि बुर्ज खलिफा ही त्यांपैकीच एक इमारत. थंडावाही अनेक भागांत सामाईक असतो. मोठ्या केंद्रात पाणी गार करून ते जमिनीखालच्या नळांतून इमारतींना पुरवले जाते आणि रहिवाशांना त्याचे वेगळे बिल येते.

पावसाची सवय नसलेले शहर पावसात कसे अडते, हे १६ एप्रिल २०२४ रोजी जगाने पाहिले. साधारण दीड वर्षाचा पाऊस एका दिवसात कोसळला, धावपट्ट्या पाण्याखाली गेल्या आणि महामार्गांवर मोटारी तरंगल्या. ढगांवर मीठ फवारल्याने तो पाऊस पडला, अशी चर्चा त्या वेळी जोरात होती. हवामानतज्ज्ञांनी ती फेटाळली. आखातावर सरकलेली मोठी वादळी प्रणाली आधीच अंदाजात दिसत होती, आणि ढगांवरील अशा फवारणीने एवढा पाऊस पाडता येत नाही.

रस्त्यावर स्थानिक अरब फारसे का दिसत नाहीत?

कारण ते मुळातच थोडे आहेत. दुबईची लोकसंख्या पस्तीस लाखांच्या पुढे गेली आहे आणि त्यात अमिराती नागरिक दहा टक्क्यांच्या आसपास आहेत. उरलेले बाहेरून आलेले, आणि त्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा. ‘अरब संस्कृती पाहायला’ गेलेल्या प्रवाशाची पहिल्या दिवशी गाठ पडते ती मल्याळी चहावाल्याशी, पेशावरच्या टॅक्सीचालकाशी, फिलिपिनो विक्रेतीशी आणि रत्नागिरीकडच्या एखाद्या लेखापालाशी. ही निराशा मानू नये. हेच त्या शहराचे खरे रूप आहे.

रत्नागिरी-रायगडमधील, विशेषतः कोकणी मुस्लिम कुटुंबांतील, माणसे १९७०च्या दशकापासून आखातात जात आली आहेत. गावाकडे ‘दुबईवाल्याचे घर’ लांबूनही ओळखू येते. ‘अल अदिल’ ही किराणा दुकानांची साखळी उभारणारे धनंजय दातार हेही मराठीच. बर दुबईतील छोट्या दुकानातून त्यांचा व्यवसाय वाढला आणि आज थालीपिठाच्या भाजणीसाठी तेथे फार शोधाशोध करावी लागत नाही.

ही भव्यता पाहताना मजुरांची आठवण येऊन अस्वस्थ वाटते. यात अतिशयोक्ती आहे का?

नाही. अस्वस्थ वाटणे साहजिक आहे, आणि हा प्रश्न टाळून दुबईबद्दल लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. इमारती बांधणारे बहुसंख्य कामगार भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि नेपाळ येथून आलेले आहेत. त्यांच्या राहण्याच्या वसाहती पर्यटकांच्या मार्गापासून दूर आहेत. त्यांतील मुहैस्नाच्या वसाहतीला कामगार सोनापूर म्हणतात. वास्तव्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो, त्यामुळे मालकाशी मतभेद झाला की केवळ पगार जात नाही, तर देशात राहण्याचा आधारही डळमळतो. गावी दलालाला दिलेले पैसे फेडण्यातच अनेकांची सुरुवातीची वर्षे संपतात. तिकडे जन्मलेल्या परदेशी मुलांनाही नागरिकत्व मिळत नाही. कित्येक दशके राहिलेला माणूससुद्धा कायद्याच्या दृष्टीने पाहुणाच राहतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पगार बँकेमार्फत देण्याची आणि त्यावर सरकारने लक्ष ठेवण्याची व्यवस्था २००९ पासून आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास बंदी आहे. कामगाराचे पारपत्र मालकाने ठेवून घेणे बेकायदा आहे. नियम आणि त्यांची अंमलबजावणी यांतील अंतर आपल्याला नवे नाही. तरीही गावी पाठवलेल्या पैशांतून घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मुले शिकली, आणि म्हणूनच पुढची पिढीही तिकडचा रस्ता धरते. प्रवाशाने या माणसांची छायाचित्रे काढण्यापेक्षा त्यांच्याशी बोलावे. रविवारी संध्याकाळी देरातील नाईफ भागात किंवा खाडीच्या काठावर त्यांचा निवांत वेळ असतो आणि गप्पांना ते सहसा नाही म्हणत नाहीत.

मध्यमवर्गीय नोकरदारांचे जगणेही जाहिरातींतल्यासारखे नसते. भाडी इतकी आहेत की एका खोलीत खाटेपुरती जागा भाड्याने घेणे, ज्याला तिथे ‘बेडस्पेस’ म्हणतात, ही सर्वसाधारण गोष्ट आहे.

शहरात पायी फिरता येते का?

जुन्या भागात उत्तम, इतरत्र जवळजवळ नाही. शेख झायेद रस्ता इतका रुंद आहे की समोर दिसणाऱ्या इमारतीत पोहोचण्यासाठी मेट्रो स्थानकाच्या पुलावरून जावे लागते. ९ सप्टेंबर २००९ रोजी सुरू झालेली चालकविरहित मेट्रो स्वच्छ आणि वक्तशीर आहे. सर्वांत पुढच्या डब्यातील पुढची काच गाठता आली तर शहर पाहण्याची ती उत्तम जागा, पण तो अनेकदा सोनेरी वर्गाचा डबा असतो आणि त्याचे भाडे दुप्पट. महिला व मुलांसाठी वेगळा भाग असतो आणि त्याची सीमारेषा चुकून ओलांडणाऱ्या पुरुषांना दंड होतो. गाडीत खाणे, पाणी पिणे, च्युइंगगम चघळणे यांनाही दंड आहे. रविवारी मेट्रो उशिरा, सकाळी आठला सुरू होते.

शाकाहारी जेवण मिळते का?

मुबलक मिळते. बर दुबई आणि करामा येथे गुजराती थाळीपासून उडुपी डोशापर्यंत सारे आहे. केरळी ‘कॅफेटेरिया’तील कडक चहा आणि पराठा चुकवू नये.

सामानात काय नेऊ नये?

खसखस. मराठी घरांतून जाणाऱ्या डब्यांबाबत हे आग्रहाने सांगावे लागते, कारण अनारशांवर ती असते, काही लाडवांत असते आणि घरगुती मसाल्यांतही असते. अफूच्या झाडाचे बी म्हणून तिच्यावर तेथे बंदी आहे आणि ‘माहीत नव्हते’ हे कारण चालत नाही. दिवाळीचा फराळ मुलाकडे पाठवणाऱ्या आईवडिलांनी डबा भरण्यापूर्वीच हे पाहावे. कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि झोपेच्या अनेक गोळ्या नियंत्रित यादीत आहेत. त्यांच्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी आणि आगाऊ ऑनलाइन परवानगी घ्यावी. गुटखा आणि पान घरीच ठेवावे. कोणा ओळखीच्याने विमानतळावर ‘एवढे पाकीट तिकडे द्याल का?’ असे विचारले तर आत काय आहे ते पाहिल्याशिवाय घेऊ नये.

सोने तेथे खरोखर स्वस्त पडते का?

देराच्या सोनेबाजारात दर भारतापेक्षा सहसा कमी असतो, कारण आपल्याकडचे आयात शुल्क त्यात नसते. दर सर्व दुकानांत जवळपास सारखाच आणि फलकावर लावलेला असतो. घासाघीस करायची ती घडणावळीवर. परदेशात एक वर्षाहून अधिक राहून परतणाऱ्यांनाच दागिने ठरावीक मर्यादेपर्यंत शुल्काविना आणता येतात. चार दिवसांच्या सहलीवर गेलेल्या पर्यटकाला ती सवलत नाही. त्याने खरेदी जाहीर करून शुल्क भरावे लागते, आणि ते भरल्यावर फायदा किती उरतो याचा हिशेब दुकानात शिरण्यापूर्वी करावा. केवळ पाहण्यासाठीही हा बाजार सुंदर आहे.

पेहराव, रमजान आणि छायाचित्रे यांबाबत काय काळजी घ्यावी?

पेहरावाबाबत शहर पर्यटकांशी उदार आहे. खांदे व गुडघे झाकलेले कपडे मॉलमध्ये आणि सरकारी कार्यालयांत योग्य ठरतात. मशिदीत जाताना स्त्रियांनी डोके झाकावे. रमजानमध्ये दिवसा उपाहारगृहे आता सर्रास उघडी असतात, तरी रस्त्यावर चालता-चालता खाणे-पिणे टाळावे. अनोळखी व्यक्तीचे, विशेषतः स्त्रियांचे, छायाचित्र परवानगीशिवाय काढणे हा गुन्हा ठरू शकतो. समाजमाध्यमांवर कोणाला शिवीगाळ केली तरी खटला होतो, ही गोष्ट आपल्याकडच्यांना खरी वाटत नाही.

वाळवंट पाहायचेच राहिले, असे अनेक जण का म्हणतात?

कारण शहरात ते दिसतच नाही. जे दिसते ती बांधकामाची पडीक जमीन असते. ‘डेझर्ट सफारी’ या नावाखाली बहुतेकांना टेकड्यांवर उड्या मारणारी मोटार, एक नाच आणि तंदुरी जेवण मिळते. मजा येते, पण वाळवंटाची ओळख होत नाही. त्याऐवजी दुबईच्या संरक्षित वाळवंट क्षेत्रात पहाटेची फेरी घ्यावी. सुमारे २२५ चौरस किलोमीटरच्या या भागात, एकेकाळी रानातून नाहीसे झालेले अरबी ओरिक्स हे पांढरे हरिण पुन्हा मोकळे फिरते. तेथील घाफ वृक्षाजवळ थोडे थांबावे. संयुक्त अरब अमिरातीचा हा राष्ट्रीय वृक्ष म्हणजे आपली शमीच. दसऱ्याला जिची पूजा होते, तीच शमी तेथे जमिनीत खोलवर मुळे सोडून उंट-शेळ्यांना चारा आणि सावली देत उभी असते. वाळूचा लाल रंग पाहायचा असेल तर लहबाबच्या टेकड्या गाठाव्यात.

कोणत्या महिन्यात जावे?

नोव्हेंबर ते मार्च. उन्हाळ्यात हॉटेले स्वस्त असतात, पण सारा दिवस मॉलमध्ये काढावा लागतो.

दिवस कसे वाटावेत?

पहिला दिवस खाडी, अल फहीदी आणि देरा यांना द्यावा. दुसरा मनोरे, कारंजे आणि संग्रहालयांना. पाम जुमेरा या मानवनिर्मित बेटावर मोनोरेलने जाता येते, मात्र रस्त्यावरून पाहता ते बेट वाटत नाही, त्याचा ताडाचा आकार वरूनच कळतो. तेथील वाळू समुद्रतळातून उपसून आणली आहे, कारण वाऱ्याने गुळगुळीत झालेले वाळवंटी कण भरावात घट्ट बसत नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे वाळवंट पाहून दुपारी विश्रांती घ्यावी. चौथा दिवस हाताशी असेल तर इब्न बतूता स्थानकावरून बसने अबू धाबीला जावे. तेथील लूव्र संग्रहालय आणि वाटेवर अबू मुरैखा येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये खुले झालेले, राजस्थानातील गुलाबी दगडांत घडवलेले स्वामीनारायण मंदिर पाहता येते. सोमवार मात्र टाळावा, त्या दिवशी ही दोन्ही ठिकाणे बंद असतात.